गिरणीवरचं इंग्रजी

अर्धांगवायूनं आडव्या पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्याशी रोज कडाकडा भांडणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. आणि त्याला तिथून हाकलून लावायचा विडा उचलला होता मी. माझं काय, मी तेव्हा लहान होते. अठ्ठावन्न वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

शाळेत शिवणकाम शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्याला जाळी आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव की आता कुणीतरी राष्ट्रगीत सुरू करणार. आवाज चढवणं मला ठाऊकच नव्हतं. नवऱ्यावर फार चिडले तर त्यांना 'आपण' म्हणायचे. ते बिचारे पिशवी घेऊन भाजी आणायला निघून जायचे.

इंग्रजी शिकायचं कारण काही उदात्त वगैरे नव्हतं. माझी धाकटी जाऊ मुलीच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियात जाऊन आली आणि आल्यापासून 'आय'म', 'इट्स', 'डोन्ट वरी' असं जिभेच्या शेंड्यावरून टाकायला लागली. जाताना तिला 'थँक्यू' म्हणायच्या आधी घोटभर पाणी प्यावं लागायचं. आता तिच्या शेजारी बसून मी 'आय ॲम नॉट हंग्री' असं चार खांबांवर उभं केलेलं वाक्य बोलले, की ती माझ्याकडं अशी बघायची जशी मी रेडिओवरून बातम्या देतेय. मत्सर झाला. मत्सरासारखा शिक्षक नाही.

आमच्या मागच्या गल्लीत, गारखेड्यात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक पाटी होती. 'इंग्लिश. बोला.' एवढंच. ना नाव, ना फोन, ना यशाची हमी. जिना चढेस्तोवर साडीच्या निऱ्यांना पीठ लागायचं. वर एक खोली, एक फळा, पाच-सहा खुर्च्या आणि सर.

सर उंच होते, पण दारातून वाकून यायची सवय लागून वाकलेलेच राहिले होते. दाढीला मेंदी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. इंग्रजी कुठल्या कॉलेजात नाही, परदेशातून मशिनी बसवायला येणाऱ्या इंजिनिअरांच्या मागं मागं हिंडून ते शिकले. एकदा म्हणे त्यांनी अशाच एका गोऱ्याला विचारलं की ही क्रेन ही पेटी उचलेल का. गोरा 'कान्ट' म्हणाला. शेवटचा 'ट' त्यानं गिळला आणि सरांनी पेटी उचलायला लावली. पुढं काय झालं ते सर दर वेळी वेगळं सांगायचे. कधी पेटी पडायची, कधी क्रेन, एकदा तर भिंतसुद्धा पडली. पण तात्पर्य बदललं नाही. माणूस काय बोलतो ते सगळेच ऐकतात, तो काय गिळतो ते ऐकायला शिका.

स्वतः ते फार गिळायचे. सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणणाऱ्या माणसाकडं संशयानं बघायचे आणि आपण नुसतं 'निंग' म्हणायचे. चहा अर्धा प्यायचे. बिस्किटाचा कोपरा बशीत ठेवायचे. सही म्हणजे एक रेघ आणि वर एक टिंब. बँकेत त्यावरून दर वेळी वाद व्हायचा आणि सर तो वाद घालायला मुद्दाम दुपारी, गर्दी नसताना जायचे, म्हणजे कुणाची खोटी होत नाही.

पहिल्या दिवशी मी उभी राहून, हात जोडून ओळख करून दिली. आय ॲम अ रिटायर्ड टीचर. आय ॲम लिव्हिंग इन गारखेडा. आय डू नॉट नो मच इंग्लिश. सर खाली मान घालून ऐकत होते. झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बाई, घरात कुणाचं झालं काय?"

मी दचकून म्हटलं, नाही, सगळे ठीक आहेत.

"मग शोकसभेत बोलल्यासारखं का बोलताय?"

मी घरी येऊन यांना सांगितलं की तो माणूस असभ्य आहे, मी काही उद्या जायची नाही. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधीच जाऊन बसले.

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे भांडण. बाकीच्या क्लासांत म्हणे एकमेकांना 'हाउ आर यू' विचारायला लावतात. सरांचं म्हणणं, तब्येत विचारणाऱ्या माणसाला घाई नसते, म्हणून तो अख्खं वाक्य बोलतो. भांडताना दम पुरत नाही, तिथं अक्षर आपोआप गळतं. 'डू नॉट'चं 'डोन्ट' हे पुस्तकात बसून झालेलं नाही, कुणीतरी कुणावर तरी धावून जाताना झालेलं आहे. तेव्हा रोज खोलीत पैठणची यष्टी उभी राहायची. दोन खुर्च्या जोडून सीट. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली आणि त्या रुमालावर दुसरंच कुणी येऊन बसलेलं.

ते दुसरं कुणी म्हणजे बहुतेक वेळा पिशोरची एक नर्स असायची. परदेशातल्या नोकरीसाठी तिला मुलाखत द्यायची होती. दिवसभर दवाखान्यात राबून संध्याकाळी यायची आणि आल्या आल्या माझा रुमाल, माझी जागा, माझं वय, सगळं काढायची. इट्स नॉट युअर बस, यू कान्ट जस्ट थ्रो अ हँकी. मी पदर सावरून म्हणायचे, "आय डू नॉट अग्री विथ यू."

सर कपाळाला हात लावायचे. "बाई, बस पैठणला पोचली. तुमचं वाक्य अजून बिडकीनला आहे."

अक्षर गळलं की तिथं वर एक बारीकसा शेपटा काढतात, तो माझ्याकडून कधी पुढं पडायचा, कधी मागं. सरांनी ते एकदाच सांगितलं. ती चप्पल आहे, म्हणाले. दारात चप्पल दिसली की काय समजायचं? आत कुणीतरी आहे. दिसत नाही, पण आहे. 'ओ' आत गेलाय, चप्पल बाहेर काढून. आता ज्या दारानं माणूस आत गेला, चप्पल त्याच दारात निघणार, शेजाऱ्याच्या दारात कशी निघेल? त्यानंतर माझा शेपटा कधी चुकला नाही. नर्सनं विचारलं, मग 'विल नॉट'चं 'वोन्ट' कसं होतं? सर थोडा वेळ छताकडं बघत बसले. मग म्हणाले, ते लग्नाच्या हॉलमधून आलंय. निघताना दुसऱ्याचीच घालून आलं.

आम्ही मराठवाड्याची माणसं या विषयात जन्मतःच पास आहोत, असंही ते म्हणायचे. 'काय करत आहेस' असं इथं कोण विचारतं? 'काय करायलास.' एवढा मोठा 'आहेस' आपण पाण्याशिवाय गिळतो. पण आपण खाल्लं की गावंढळ आणि इंग्रजानं खाल्लं की ग्रामर. हे बोलताना त्यांना खरोखर राग यायचा. जणू इंग्रज अजून क्रांती चौकात उभाच आहे आणि सरांना त्याला गाठून दोन शब्द, म्हणजे दीड शब्द, सुनवायचे आहेत.

त्यांचं एक म्हणणं मात्र मला तेव्हा अगदी पटलं नव्हतं. अख्खा शब्द परक्यासाठी, अर्धा घरच्यासाठी. घरात कुणी 'मी तुमच्यासाठी पाणी आणून देऊ का' विचारत नाही. 'पाणी?' बस. उरलेलं समोरच्यानं भरून घ्यायचं. ज्याला भरून घेता येत नाही तो पाहुणा. मी मनात म्हटलं, आमच्या घरी सगळे पूर्ण बोलतात, आमच्यात संस्कार आहेत. संध्याकाळी यांना विचारलं, की आपण एकमेकांशी पूर्ण बोलतो ना हो? हे पेपरातून डोकं न काढता 'हं' म्हणाले.

आता आप्पा. खालची गिरणी आप्पांची, माडीही त्यांचीच. पैठणकडचे. गव्हाचं पोतं लहान मूल उचलावं तसं काखेत घेऊन चालायचे. भुवया पांढऱ्या होत्या. त्या वयानं की पिठानं, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. नवरा-बायको गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची.

गिरणी सुरू झाली की माडी हलायची. टेबलावरचे खडू चालत चालत कडेला येऊन उड्या टाकायचे. फळ्यावर पिठाचा थर बसायचा आणि त्यात अक्षरं पुसट व्हायची. सर जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली इंग्रजीत ओरडायचे. आप्पा खालून मराठीत वर पाठवायचे. "ओ इंग्रज, माझ्या पिठाच्या भाकरी खायच्या आन् पिठालाच नावं ठेवायची व्हय?" आप्पांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्यांचं उत्तर कधी चुकल्याचं मला आठवत नाही. सर 'यू वोन्ट लिसन' म्हणाले की ते 'नाय ऐकणार' म्हणायचे, अगदी बरोबर जागी. "अर्धा शब्द शिकवतो मास्तर, आन् जिना पुरा झिजवतो," हे त्यांचं शेवटचं वाक्य. ते झालं की पट्टा पुन्हा सुरू आणि वर सर ताजेतवाने होऊन फळ्याकडं वळायचे. नवीन मुलांना वाटायचं, आज क्लास बंद पडतो. आम्ही जुने वह्या उघडून बसायचो.

रमजानात दुपारचं भांडण आप्पा बंद ठेवायचे. उपाशी माणसाशी भांडण्यात मजा नाय, म्हणायचे. संध्याकाळी सरांचा रोजा सुटला की मात्र जिन्याखाली येऊन आपण होऊन खाकरायचे.

एका सकाळी गिरणी सुरूच झाली नाही. लोक डबे घेऊन उभे. आप्पांना पहाटे काकूंनी दवाखान्यात नेलं होतं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. काही दिवसांनी घरी आणलं, मागच्या खोलीत खाटेवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले की जीव वाचला, हातपाय हळूहळू हलतील. बोलण्याचं मात्र सांगता येत नाही. यायचं असलं तर या पहिल्या काही महिन्यांतच यायला लागेल. काकूंनी तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं. रोज सकाळी त्या आप्पांना विचारायच्या, चहा देऊ? आणि उत्तरासाठी कप हातात धरून थांबायच्या, चहावर साय येईपर्यंत.

भेटायला येणारे लोक म्हणजे एक शिक्षाच होती. सगळे खाटेशी वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायचे. आप्पा, तुम्ही, मला, ओळखलं, का? जणू माणूस खाटेवर नाही, नदीच्या पलीकडं आहे. आप्पा ऐकायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. या सगळ्यांत वाईट मी. मी रोज दुपारी शांत आवाजात स्तोत्र म्हणायचे, मग हसून विचारायचे की आज आपल्याला कसं वाटत आहे. 'वाटत आहे.' एकही अक्षर सोडलं नाही मी. आप्पांचं तोंड तेव्हाही भिंतीकडंच असायचं. मला वाटायचं, शांती मिळतेय त्यांना.

आणि सर? सर रोज क्लासच्या आधी खाली जायचे, खाटेशी स्टूल ओढायचे आणि सुरू व्हायचे. काय आप्पा, किती दिवस लोळायचं ठरवलंय? फळा कसा लख्ख आहे बघा माझा. तुमच्या गिरणीच्या दगडाला टाकी मारून धार द्यायची कधीची राहिली होती, गव्हाचा रवा पाडत होता तुम्ही, लोक तोंडावर बोलायचे नाहीत म्हणून. मी सांगतो. रवा. बोला, खोटं आहे? आणि मग थांबायचे. आप्पांच्या घशातून घरघर यायची, डोळे मोठे व्हायचे, डाव्या हाताची मूठ खाटेवर आपटायची. सर म्हणायचे, हां, हे काय उत्तर झालं? आणि पुढचं काहीतरी काढायचे. आप्पांच्या गिरणीवर झालं की आप्पांच्या गावावर, गावावर झालं की आप्पांच्या सासुरवाडीवर, आणि काकू तिथंच भाकरी थापत बसलेल्या.

मला हे बघवेना. मी काकूंना बाजूला घेऊन समजावलं, की रुग्णाला शांतता लागते, मास्तरांना येऊ देऊ नका. काकू पिठाचे हात झाडत म्हणाल्या, "बाई, तुमी इतकं ग्वाड बोलता, त्येचं तोंड भिताडाकडं. मास्तर आला की निदान डोळं तरी वटारतंय. मला त्येवढंच लई."

मी नर्सकडं गेले. तिला तरी पटेल, शिकलेली आहे. ती म्हणाली की वाचा गेलेल्या माणसाची रोजची वाक्यं जातात, पण राग, मोजणं, भजन, शिव्या हे कधी कधी वेगळ्या वाटेनं येतं. दवाखान्यात अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या ताईंनासुद्धा सरांचं सांगितलंय, त्या म्हणाल्या, दमत नसतील तर भांडू दे. मला वाटलं, ही सरांची लाडकी, ही असंच म्हणणार.

मग मी खुद्द सरांनाच गाठलं. जिन्यात. म्हटलं, दया नाही का येत आपल्याला? ते पायरीवर बसले. त्या दिवशी ते काही गिळून बोलले नाहीत. "बाई, आजारी माणसाशी सगळे अख्खं वाक्य बोलतात. इतकं अख्खं ऐकलं की माणसाला वाटतं, आपण गेलोच. मी त्याला परका करणार नाही. त्याला बोलता नाही आलं तरी चालेल, त्याला वाटलं पाहिजे की बोलायचं राहिलंय."

मला ते समजलं नाही. मला फक्त एवढं दिसलं, की म्हातारा हट्टी आहे, आणि हट्टी माणसाला सरळ करणं हा तर माझ्या अख्ख्या नोकरीचा विषय.

असेच आठवडे गेले. आप्पांचा हात थोडा हलायला लागला. जीभ नाही. डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले होते. काकूंचा चहा रोज थंड व्हायचा. क्लासमध्ये सरांची गंमत कमी झाली होती. भांडणाचे विषय ते आता खाली वापरून संपवत असावेत. आमची पैठणची यष्टी उभीच राहायची, कुणी चढायचं नाही.

त्या दुपारी मी लापशीची वाटी घेऊन गेले तर सर स्टुलावर. आवाज नेहमीपेक्षा चढलेला. "बरं झालं आप्पा, गिरणी बंद पडली. खडू जागचे हलत नाहीत. पोरं शिकायलीत. तुमच्या खडखडीपेक्षा तुम्ही असेच बरे." आणि मी पाहिलं, आप्पांच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. गालावरून, कानामागं, उशीवर.

तो डोळा नीट मिटत नसल्यामुळं त्यातून दिवसभर तसंच पाणी येतं, हे मला नर्सनं नंतर सांगितलं. मी तेव्हा लापशी हातात धरून दारात ताठ उभी राहिले. म्हटलं, "सर, आपण इथून जावं. बघा. रडवलंत त्यांना."

सरांनी पाहिलं. त्यांचा हात आप्पांच्या चादरीवर थोडा वेळ राहिला. मग ते उठले आणि दारातून वाकायचं विसरून चौकटीला डोकं आपटून बाहेर गेले. मला भरून आलं. स्वतःविषयी. आज मी एका असहाय माणसाची सुटका केली, असं वाटलं. मी स्टुलावर बसले, पदर नीट केला, आणि माझ्या सगळ्यात मऊ आवाजात म्हटलं, "आप्पा, आता आपण शांत पडून राहावं."

पट्टा घसरताना गिरणी जसा आवाज करते तसा आवाज झाला. मला वाटलं, खोकला. मग आप्पांचं तोंड वाकडंतिकडं झालं, मान उशीवरून उचलली गेली, आणि त्यांनी मला शिवी दिली.

ती इथं छापता येणार नाही. एवढंच सांगते की ती लांब होती. तिच्यात एक गाढव होतं, माझे आजोबा होते, आणि दोघांचा एकमेकांशी काय संबंध, त्याचा खुलासा होता. मला आयुष्यात कुणी शिवी दिली नव्हती. वाटी पडली. काकू उलथनं घेऊन धावत आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"परत म्हणा," काकू म्हणाल्या. "अवो, परत म्हणा की."

आप्पांना परत येईना. त्यांनी डावा हात दाराकडं केला. "मास्," म्हणाले. "मास्. मास्." हात तसाच दाराकडं. काकू हसत होत्या की रडत होत्या कळेना, पण मला मात्र त्यांनी बरोबर पकडलं. "बाई, हुभ्या काय राहिलात? जा. घेऊन या त्येला."

मी पळाले. कडक इस्त्रीच्या साडीत, पायाला लापशी लागलेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर रस्त्यातून. सर पलीकडच्या रसवंतीच्या बाकावर बसले होते. समोर काही नव्हतं. रसवाल्यानं त्यांना काय देऊ विचारलं असावं, आणि त्यांनी सांगितलं नसावं.

"आप्पा बोलले," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. "बाई, माझी समजूत नका घालू."

"खरंच बोलले. मला बोलले."

"क्या बोले?"

"शिवी दिली."

आता त्यांनी मान वर केली. "कुठली?"

"ती मला म्हणता येणार नाही सर."

"अख्खी आली?" ते उठून उभे राहिले होते. "जीभ कुठं अडली? मधलं काही गळालं? शेवट नीट आला?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मोठी होती, मी घाबरले. रोज दुसऱ्यांना अक्षरं गिळायला शिकवणारा माणूस, तो आता एकेका अक्षराचा हिशेब मागत होता. "मग म्हणून दाखवा," ते म्हणाले. "जशी आली तशी. मला ऐकायचंय."

चरकाचा आवाज थांबला होता. रसवाला हातातला ऊस तसाच धरून आमच्याकडं बघत होता. शेजारच्या गाड्यावरची भाजीवाली, तिच्याकडं कोथिंबीर निवडत असलेल्या दोन बायका, आणि स्कूटर लावून उभा असलेला आमच्या शाळेचा माजी शिपाई, जो मला अजून वाकून नमस्कार करायचा. मी सगळ्यांकडं एकदा बघितलं. पदर सावरला. घसा साफ केला. आणि म्हटली. गाढवापासून आजोबांपर्यंत, मधलं काहीही न गाळता.

भाजीवालीच्या हातातून तराजू सुटला.

सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत. मेंदी लावलेल्या दाढीत काहीतरी हललं.

"मला नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

त्यांना चांगलं ऐकू आलं होतं. मी पुन्हा म्हटली. या खेपेला मोठ्यानं.